फायनान्समधे मन लागेल का, हे नोकरी धरायच्या आधी कसं तपासायचं

परवा सांगलीहून मावसभावाचा फोन आला. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, "ताई, फायनान्समधे स्कोप आहे ना गं?" म्हटलं स्कोप आहेच रे, पण ते काम तिला रोज करावंसं वाटेल का हे तिला विचारलंस का? तो जरा थांबला आणि म्हणाला, ते कसं विचारायचं? मग त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते, कारण हा प्रश्न मला वर्षातून दहा जण तरी विचारतात.

माझं थोडक्यात सांगते. पुण्यात सीएच्या ऑफिसात ३ वर्षं आर्टिकलशिप (सीए होताना करावी लागणारी उमेदवारी) केली, मग एका खाजगी बँकेत २ वर्षं सेल्सला होते आणि गेली ९ वर्षं लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली बघते. मला कामात समाधान मिळतं, अगदी मनापासून, पण ते तिसऱ्या टेबलावर, म्हणजे या कर्जाच्या कामावर, मिळालं. पहिल्या दोन टेबलांवर मी तीच होते, तेवढीच मेहनत करत होते, तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. म्हणून "फायनान्समधे समाधान आहे का" या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. कुठलं टेबल, ते सांगा मग बोलू.

तर पहिलं काम, टेबल शोधा

फायनान्स म्हणजे एक काम नाहीच. एका टोकाला दलाल स्ट्रीट, दुसऱ्या टोकाला तालुक्याच्या गावची पतसंस्था, आणि मधे इतकी वेगवेगळी कामं की एकातला माणूस दुसऱ्याला आपलं ऑफिस समजावून सांगू शकत नाही.

सीए ऑफिसचं वर्ष कॅलेंडरवर चालतं. एप्रिलमधे बँकांच्या शाखांचं ऑडिट, जुलैत रिटर्नं, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, आणि दर महिन्याला ११ आणि २० तारखेचं जीएसटी, ते २०१७ पासून चिकटलंय ते काही सुटत नाही. व्हाउचिंग, म्हणजे एकेक नोंद बिलाशी ताडून बघणं, करताना कंटाळा येतो, खूप येतो, पण ज्याला लेजर चाळता चाळता त्या दुकानाची सगळी कथा दिसायला लागते, मालकाने गाडी घेतली, मुलाला धंद्यात आणलं, मोठं गिऱ्हाईक तुटलं, त्याला हे काम लागतं. जमा-खर्चात रुपयाचा फरक राहिला तर जेवण जात नाही अशी माणसं असतात, त्यांच्यासाठी हे ऑफिस चांगलं. मला फरक सापडला की आनंद व्हायचा पण तो पुढच्या फाईलपर्यंत टिकायचा नाही. आता २०२३ पासून आर्टिकलशिप २ वर्षांची झालीय आणि २०२४ पासून परीक्षाही टप्प्याटप्प्याने वर्षातून तीनदा घ्यायला लागले, आमच्या वेळी एका अटेम्प्टसाठी सहा महिने वाट बघत बसायला लागायचं. तरीसुद्धा माझं सांगणं आहे की किती अटेम्प्ट द्यायचे ते घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. "एवढा अटेम्प्ट होऊ दे मग बघू" असं म्हणत सगळं पुढे ढकलत गेलेली हुशार मुलं मी जवळून बघितलीत, त्यांना पुढे पास होऊनही आनंद घेता आला नाही इतकी ती दमलेली होती.

सरकारी बँकेची शाखा हे वेगळंच जग. मामा लोक म्हणतात एकदा चिकटला की सुटला, पण आत गेलेल्यांना विचारा. खरीपाच्या आधी पीक कर्जाची गर्दी, सातबारे, त्यावर कर्जाचा बोजा चढवणं, नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, वरून विम्याचं टार्गेट, थकबाकीदाराच्या दारात वसुलीला जाणं, आणि प्रमोशन घेतलं की बदली. २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते हे खरं पण मार्चमधे ती सुट्टी शाखेतच जाते. आणि तरीही ज्याला माणसं आवडतात त्याच्यासाठी यासारखं टेबल नाही. माझी एक मैत्रीण धाराशिव जिल्ह्यात होती, तिथे बचत गटाच्या बायका कर्जाचा शेवटचा हप्ता भरायला आल्या तेव्हा तिच्यासाठी डब्यातून शेंगदाण्याची पोळी घेऊन आल्या, ती अजून ते सांगताना रडते. मुंबईत हेड ऑफिसला बदली झाल्यावर तिचा पगार वाढला आणि चेहरा पडला.

खराडी, हिंजवडी, ऐरोली, मालाड इथली परदेशी कंपन्यांची बॅक ऑफिसं म्हणजे रिकन्सिलिएशन (दोन ठिकाणचे आकडे जुळवणं), रिपोर्टिंग, महिना संपला की त्याचे हिशोब बंद करणं. महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस मान वर करायला वेळ नाही, बाकी वेळ ठरलेला. इथे अडचण अशी की तुम्हाला कामाचा एक तुकडाच दिसतो, तुम्ही जुळवलेला आकडा पुढे कुणाच्या कामी आला ते कळतच नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी पोकळ वाटायला लागतं. पण माझा एक मित्र दुपारी दीड ते रात्री साडेदहा शिफ्ट करतो आणि सकाळी तीन तास तबल्याचा रियाज करतो, त्याला ऑफिसात समाधान नकोच आहे, त्याला ऑफिसकडून सकाळ हवी आहे आणि ती त्याला मिळते. हेही पूर्णपणे योग्य आहे, यात कमीपणा काही नाही.

शेअर बाजाराच्या डीलिंगला सकाळी सव्वानऊ ते साडेतीन डोळे स्क्रीनवर, तुम्ही बरोबर होता की चूक ते त्याच दिवशी कळतं, काहींना त्याची नशा असते आणि काहींचं बीपी वाढतं. इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि रिसर्च मुख्यतः मुंबईतच, जागा कमी, तास लांब, शिकायला भरपूर. पतसंस्थेत पगार कमी पण आपलं गाव, आपली माणसं, मात्र त्याच माणसांच्या घरी वसुलीला जावं लागतं हे लक्षात ठेवा, शाळेतल्या मित्राच्या अंगणात नोटीस घेऊन उभं राहणं सगळ्यांना जमत नाही.

माझं टेबल जरा सविस्तर सांगते कारण तेच मला नीट माहितीये

भोसरी-चाकणकडच्या गाळ्यांना कर्ज द्यायचं की नाही, हे काम. मालक येतो, तीन वर्षांचा ताळेबंद, जीएसटी रिटर्नं, बँक स्टेटमेंट देतो. कागदावर हिशोब सोपा असतो, येत्या वर्षाची विक्री २ कोटी धरली तर त्याच्या २० टक्के म्हणजे ४० लाखांचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, मशीनचा हप्ता नफ्यातून सुटतो का ते बघायचं, करंट रेशो, म्हणजे जवळची देणी भागवायला हाताशी पुरेसं आहे का, ते बघायचं. पण खरं काम गाळ्यावर गेल्यावर. लाईट बिल मागायचं, कारण विक्री वाढलीय आणि युनिटं घटलीत असं दिसलं तर काहीतरी गडबड आहे. किती मशीन चालू आहेत, भंगाराचा ढीग केवढा आहे, कामगार मालकाशी बोलताना कसे बोलतात, हे सगळं बघायचं, मग परत येऊन नोट लिहायची आणि खाली माझी सही.

त्या सहीनेच माझं बदललं. पहिल्या वर्षी एका नवरा-बायकोच्या गाळ्याला मशीनसाठी कर्जाची शिफारस केली, वरचे साहेब साशंक होते, मी दोनदा जाऊन आले आणि पटवून दिलं. दीड वर्षाने गेले तर शेजारी दुसरं मशीन उभं होतं आणि वहिनी टॅलीत स्वतः एन्ट्र्या करत होत्या. घरी येऊन मी आईला अर्धा तास तेच सांगत होते. आणि दुसरीकडे, मीच शिफारस केलेलं एक खातं ९० दिवसांच्या वर थकून एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं, तेव्हा आठवडाभर झोप नव्हती, पुन्हा पुन्हा ती फाईल उघडून बघत होते की मला काय दिसायला हवं होतं जे दिसलं नाही. ते वाईट वाटणंसुद्धा मला त्या सेल्सच्या टेबलावरच्या "टार्गेट पूर्ण" पेक्षा बरं वाटलं, कारण ते माझं होतं.

वहीत दोन रकाने आखा

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० जणांना विचारलं की कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. ही माणसं इंजिनिअर आणि अकाउंटंट होती, म्हणजे आपलीच जमात, म्हणून मला तो अभ्यास जवळचा वाटतो. त्याला असं दिसलं की वाईट वाटण्याची कारणं बहुतेक करून कंपनीचे नियम, वरिष्ठ, पगार, कामाची जागा ही होती, आणि छान वाटण्याची कारणं वेगळीच, काहीतरी पूर्ण केलं, कुणी दखल घेतली, काम स्वतःच आवडलं, जबाबदारी मिळाली. म्हणजे पगार वाढला की चिडचिड कमी होते पण त्याने काम आवडायला लागेलच असं नाही.

तर वहीत डावीकडे लिहा, या नोकरीत मला काय टोचेल. उजवीकडे लिहा, या नोकरीत मला काय भरून देईल. समोर आलेल्या प्रत्येक ऑफरसाठी करा. डाव्या रकान्यात पगार, ट्रेनचा प्रवास, साहेब, सुट्ट्या, टार्गेट. उजव्यात फक्त कामाबद्दलच लिहायचं, "मोठं नाव आहे" आणि "लग्नाच्या बाजारात चालतं" हे तिथे लिहायचं नाही. माझ्या खाजगी बँकेच्या ऑफरला मी तेव्हा हे केलं असतं तर उजवा रकाना कोराच राहिला असता.

तीन माणसांना भेटा, आणि प्रश्न साधे विचारा

ज्या टेबलावर जायचंय तिथे एक वर्ष झालेला, पाच-सात वर्षं झालेला आणि पंधराच्या वर झालेला, असे तिघे शोधा. लिंक्डइनवर सापडतात, कॉलेजचे सिनिअर असतात, आत्याच्या सोसायटीत कुणी ना कुणी असतंच. त्यांना "काम कसं आहे" असं विचारू नका, "चांगलं आहे" एवढंच उत्तर येतं. विचारा, काल दुपारी चार वाजता तुम्ही नेमकं काय करत होतात? मागच्या महिन्यात कामावरची कुठली गोष्ट घरी जाऊन आपणहून सांगितलीत? कुठल्या महिन्यात सुट्टी मागायचीच नाही? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे बरं का, कारण सप्टेंबरात गणपतीला गावी जायचं असेल तर सीए ऑफिसात अवघड, मार्चमधे बहिणीचं लग्न असेल तर बँकेत अवघड, हे आधी कळलेलं बरं.

पंधरा वर्षं झालेल्याकडे बघून स्वतःला विचारा की मला असं आयुष्य हवंय का. त्याचा पगार बाजूला ठेवून, फक्त त्याचा दिवस बघून.

विकायचं काम असेल तर आईची कसोटी

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. फायनान्सच्या बऱ्याचशा सुरुवातीच्या नोकऱ्या, नाव काहीही असो, रिलेशनशिप ऑफिसर, वेल्थ मॅनेजर, प्रत्यक्षात विक्रीच्या असतात. विक्री वाईट नाही, नीट विकणाऱ्याची समाजाला गरज आहे, चांगला म्युच्युअल फंडवाला माणूस एखाद्या घराची वीस वर्षांची एसआयपी (दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) सांभाळतो आणि मुलीच्या शिक्षणाला पैसे उभे राहतात, त्याच्यासारखं समाधान क्वचित कुणाला मिळत असेल.

पण मी जिथे होते तिथे एक निवृत्त शिक्षक आले होते, फंडाची रक्कम घेऊन, आणि मला सांगितलं गेलं की यांना युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) द्या, दरवर्षी मोठा प्रीमियम. त्यांनी विचारलं, "बाळ, मधे पैसे लागले तर काढता येतील ना?" त्याला पाच वर्षांचं लॉक-इन असतं. मी खरं सांगितलं आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेची माहिती दिली, ज्यात दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. त्यांनी तेच घेतलं. त्या महिन्याचं माझं टार्गेट गेलं, मिटिंगमधे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं आणि घरी येताना मला कळून चुकलं की इथे राहायचं तर रोज दोनातलं एक निवडावं लागणार.

म्हणून ऑफर आली की विचारा, मला नेमकं काय विकायचंय? ते माझ्या आईला, तिच्या साठवलेल्या पैशातून, मी स्वतः घ्यायला सांगेन का? उत्तर हो असेल तर बिनधास्त जा आणि मन लावून विका. नाही असेल तर पगार कितीही असो, ते काम आतून कुरतडतं.

पैशाचा हिशोब तासावर करा

आपण हिशोबवाली माणसं आणि आपल्याच नोकरीचा हिशोब महिन्याच्या आकड्यावर करतो. उदाहरण म्हणून धरा, मुंबईत हातात ५५ हजार, साडेदहा तास ऑफिस, तीन तास प्रवास, २६ दिवस. झाले ३५१ तास, म्हणजे तासाला साधारण १५७ रुपये. आणि सांगलीत ३८ हजार, प्रवासासकट ९ तास, २४ दिवस, २१६ तास, तासाला साधारण १७६ रुपये. वर मुंबईचं भाडं अजून धरलेलंच नाही. मी असं म्हणत नाही की मुंबईला जाऊ नका, तिथे जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही, पण शिकायला जाताय की फक्त आकड्याला जाताय हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. आणि सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार तो वर्षाचा एकूण खर्च, बघताना त्यातला कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे बाजूला काढा, हातात काय येतं तेच धरा.

एक आणखी, बोनस धरून फ्लॅटचा हप्ता ठरवू नका. हप्ता मोठा झाला की नको असलेलं टेबल सोडता येत नाही. नावडत्या नोकरीत अडकलेले मला भेटलेले बहुतेक जण हप्त्यामुळेच अडकलेत.

आधीच आत असाल आणि मन लागत नसेल तर

मार्चमधे राजीनामा लिहू नका. मार्चमधे सगळ्यांनाच नोकरी नकोशी होते. एप्रिल ते जून असे तीन महिने रोज रात्री एक ओळ लिहा, आज कशाने बरं वाटलं, कशाने त्रास झाला. तीन महिन्यांनी वाचा. सारखं साहेबाचंच नाव दिसत असेल तर शाखा किंवा टीम बदलून बघा. टार्गेट दिसत असेल तर टेबल बदला, सेल्समधून क्रेडिटला (कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणारं खातं), ऑपरेशन्समधून इंटर्नल ऑडिटला लोक जातात, मी स्वतः गेले, अंतर्गत जागा निघतात त्यांच्यावर लक्ष ठेवा आणि त्या टेबलावरच्या माणसाचं काम महिनाभर फुकट हलकं करा, त्याच्यासारखी ओळख दुसरी नाही. मी सेल्सला असताना क्रेडिटवाल्यांच्या सोबत दोन शनिवार गाळ्यांवर फिरले होते, कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुढे इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी होतं.

आणि डायरीत जर आकड्यांचाच कंटाळा दिसत असेल, म्हणजे कुठल्याही टेबलावरचे आकडे नको वाटत असतील, तर ते मान्य करा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला साठवा, ९० दिवसांचा नोटीस पिरियड धरून बेत आखा आणि मग निघा. भांडून निघू नका, हे क्षेत्र लहान आहे, तोच माणूस पुढे पुन्हा समोर येतो.

बॅक ऑफिसवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट जी खरंच चालते. तुम्ही बनवलेला रिपोर्ट पुढे कोण वाचतं आणि त्यावरून काय ठरतं ते टीम लीडला विचारा, जमलं तर त्या माणसाच्या कॉलवर पंधरा मिनिटं नुसतं बसायची परवानगी मागा. माझ्या बहिणीने मागितली. तिच्या रिपोर्टवरून तिकडे कुठल्या दुकानदारांचं पेमेंट आधी सोडायचं ते ठरत होतं, तिला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हापासून ती चूक सापडली की स्वतःहून मेल टाकते, आधी नुसतं फॉरमॅट भरायची.

मावसभावाच्या त्या मुलीला, माझ्या भाचीला, मी इंटरव्ह्यूसाठी एकच प्रश्न शिकवून ठेवलाय. शेवटी ते विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा नम्रपणे विचारायचं, या जागेवर माझ्या आधी कोण होतं आणि ते आता कुठल्या कामावर आहेत? "ते इथेच क्रेडिटला गेले", "त्यांना शाखा मिळाली" असं उत्तर आलं तर चांगली खूण. एकमेकांकडे बघायला लागले, किंवा वर्षभरात तिघं येऊन गेली असं कळलं, तर घरी येऊन आधी वहीचा उजवा रकाना काढायचा.

तिचा इंटरव्ह्यू पुढच्या बुधवारी आहे.